दादाचं कालबूत

बारामतीच्या निम्म्या इमारती आपण धरून ठेवल्या आहेत, असं माझ्या भावाचं म्हणणं आहे. कुणी विचारो न विचारो, तो सांगतो. रस्त्यानं जाताना मोटारसायकलचा वेग कमी करून हनुवटीनंच एखादी सहामजली इमारत दाखवतो आणि म्हणतो, "ही माझी." लग्नाला गेलो की पंगतीत बसून आधी वर छताकडं बघतो. नवऱ्या मुलाचं नाव विचारलंत तर दादाला सांगता येणार नाही, पण कार्यालयाचा स्लॅब कुणी टाकला आणि कुठल्या कोपऱ्यात त्याला पोट आलंय, हे तो जिलेबी संपायच्या आत सांगतो.

सोमनाथ गंगाराम ओव्हाळ. राहणार पिंपळी. धंदा सेंटरिंगचा. ज्यांनी घर बांधलं नाही त्यांच्यासाठी सांगते. स्लॅब टाकायचा म्हणजे आधी त्याच्या खाली लोखंडी प्लेटा, फळ्या आणि टेकू यांचा एक तात्पुरता मांडव उभा करावा लागतो. ओलं काँक्रीट त्यावर पडतं, घट्ट होतं, आणि मग खालचं सगळं काढून घ्यायचं. हा मांडव घालायचा आणि मोडायचा, हे दादाचं काम. म्हणजे काम चांगलं झालं तर त्यातलं काहीच मागं उरत नाही. उरतात त्या दादाच्या बढाया.

मी त्याची धाकटी बहीण करुणा. बारामतीत हायस्कुलात इतिहास शिकवते. माझा स्वभाव तापट आहे, हे मी स्वतःच सांगितलेलं बरं. माझा वर्ग जास्त तिखटमीठ लावून सांगेल.

दादाचं आणि माझं एका गोष्टीवरून जन्माचं भांडण होतं. मला जुनी बांधकामं आवडतात, त्याला नवी. एकदा मी वर्गाला कऱ्हेकाठचं जुनं देऊळ दाखवायला नेलं होतं. देवाधर्माचं मी सांगत नव्हते, दगडाचं सांगत होते. दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून दगडाची तुळई फार लांब ठेवता येत नाही आणि खांब जवळजवळ येतात. मला सोडायला आलेला दादा मागून मोठ्यानं म्हणाला, "म्हणूनच म्हंतो, हितं पोरं बसवा, निम्म्यांना फळ्याऐवजी खांबच दिसंल! आमच्या स्लॅबच्या पोटात लोखंड हाय. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मधी काय बी न्हाय. बैलगाडी आन ट्रॅक्टर, एवढा फरक हाय बाई." पोरं खो खो हसली. मी दादाशी आठवडाभर बोलले नाही.

पण तो जुन्याला नावं का ठेवतो, हे मला ठाऊक होतं. जुनं म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढं एकच बांधकाम येतं. आमच्या मूळ गावची बारव.

लोणी भापकरच्या पलीकडं एक लहानशी वाडी आहे, ते आमचं मूळ गाव. तिथं काळ्या दगडाची पायऱ्यांची विहीर आहे. पायऱ्या उतरत गेलं की मध्ये एक कमान लागते, आणि कमानीखालून गेलं की पाणी. आमच्या आजीला त्या पायऱ्या उतरायची मुभा नव्हती. ती वरच्या पायरीपाशी घागर घेऊन उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून धार धरणार, नाही आली तर रिकाम्या घागरीनं परत. मग छप्पन सालानंतर आमच्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला, माणसांनी ओढ्याकाठी स्वतःची विहीर खणली, आणि आजीनं बारवेकडं पाठ फिरवली ती कायमची. माझी आई, अक्काबाई, सून म्हणून आली तेव्हा आजीनं तिला पहिल्याच दिवशी बजावलं, "त्या पायऱ्या उतरायच्या न्हाईत. आपण दयेचं पाणी पीत न्हाय."

पुढं वडिलांनी पिंपळीला जमीन घेतली, आम्ही इकडं आलो. वाडीत नळ आले, बारव ओस पडली. आता आईला अडवणारं तिथं कुणी नव्हतं. वाडीतल्या लग्नांना ती जाते, बारवेवरूनच रस्ता आहे, पण तिकडं मान वळवून बघत नाही. वयाची ऐंशी उलटली तरी सासूला दिलेला शब्द तिनं मोडलेला नाही. भीती म्हणून नव्हे. ताठा म्हणून. आमच्या घरात ताठा वंशपरंपरेनं चालत आलाय.

दोन वर्षांपूर्वी त्या कमानीत पिंपळाची मुळं शिरली आणि अर्धी कमान पाण्यात गेली. गावानं दुरुस्तीचं मनावर घेतलं. बारामतीच्या सुप्रिया मॅडम आर्किटेक्ट आहेत, जुन्या बांधकामांची कामं करतात. त्यांनी आराखडा केला, सुप्याकडचा एक वयस्कर पाथरवट शोधला, आणि टेकूच्या कामासाठी फोन केला आमच्या दादाला. गाव कुठलं ते ऐकूनही दादानं लगेच हो म्हटलं.

आई गवारी मोडत बसली होती. तिचा हात थांबला. "तुला बारामतीत कामं कमी पडली व्हय रं सोमा?"

"आई," दादा म्हणाला, "ती कमान माझ्या टेकूवर उभी राहणार हाय. आन उभी राहिली की तू तिच्याखालनं चालत जायचं. मला ते एकदा बघायचंय."

"मी न्हाय येणार," आई म्हणाली आणि पुन्हा गवारी मोडू लागली.

आईनं त्या कमानीखालून जावं, दादाला एवढंच हवं होतं, बाकी कामाशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. आणि पहिल्याच दिवशी तो तासाभरात घरी परत आला. हेल्मेट कॉटवर फेकलं आणि भिंतीकडं तोंड करून बसला. बढाया मारणारा माणूस गप्प बसला की घर खायला उठतं. खूप खोदल्यावर बोलला.

"मी पायऱ्या उतरत हुतो. तो म्हातारा खाली बसलेला. माझ्याकडं बघून मॅडमला म्हणाला, आधी हितं काळं भूत उभं करा, मग मी दगडाला हात लावतो."

दादा काळा आहे. उन्हात स्लॅबवर जन्म घालवलेला माणूस गोरा कसा राहील? एरवी कुणी म्हटलं असतं तर त्यानं दोन शिव्या देऊन वर चहा पाजला असता. पण त्या पायऱ्यांवर, आजी जिथं घागर घेऊन उभी राहायची तिथं, हे त्याच्या कानावर पडलं होतं. तो तिसऱ्या पायरीवरून मागं फिरला. मॅडमचे फोन येत होते, तो उचलत नव्हता.

आई "मी सांगत हुते" असंसुद्धा म्हणाली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी स्कूटी काढली ती थेट वाडीला.

तो पाथरवट, म्हस्कूतात्या, बारवेच्या काठावर लिंबाखाली छिन्नीला धार लावत बसले होते. बारीक अंगाचा, सत्तरी ओलांडलेला माणूस. मी राम राम नाही, जय भीम नाही, एकदम तोफ डागली. "माझ्या भावाला काळं भूत म्हणायला तुम्ही कोण? कायदा माहीत आहे का तुम्हाला? माझ्या आजीला ह्या पायऱ्या उतरू दिल्या नाहीत, आता भावालाही..." असं बरंच काही बोलले. वर्गात बोलते त्या आवाजात बोलले, म्हणजे गावात पोचलं असणार.

तात्या तोंड उघडं टाकून बघत राहिले. तेव्हा दिसलं, पुढचे दोन दात नाहीत.

"अगं लेकी, मी कशाला कुणाला काळं म्हणू?" त्यांनी स्वतःचा दंड पुढं केला. "हे काय गोरं हाय व्हय? मी तुझ्या भावाची वाटच बघत हुतो. आधी कालबूत उभं करा म्हणलो, कालबूत! त्याबिगर कमान वळायची कशी?"

पडक्या दातांतून तो शब्द खरोखरच "काळं भूत" असाच येत होता. मी दोनदा म्हणायला लावला. मग त्यांनी छिन्नीच्या टोकानं मातीत एक अर्धगोल काढला, त्याच्या खाली उभे टेकू काढले. आधी लाकडाचा हा अर्धगोल उभा करायचा, त्याच्या पाठीवर दगड रचत जायचं, आणि कमान तयार झाली की लाकूड खालून काढून घ्यायचं. त्या लाकडाला म्हणतात कालबूत. जोडा शिवताना चांभार आत जो लाकडी साचा घालतो, त्यालाही कालबूतच म्हणतात, जोडा झाला की तोही काढून घेतात. एवढी वर्षं इतिहास शिकवतेय, पण हा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

"तुझ्या भावाचं नाव मॅडमनी काढलं तवा मला बरं वाटलं हुतं," तात्या म्हणाले. "कालबूत करणारा सुतार आता मिळत न्हाय. माझा गेला त्याला लई वर्षं झाली."

मी म्हटलं, मी दादाला समजावते. तात्यांनी छिन्नी पिशवीत टाकली. "शब्द माझा हाय, घोटाळा बी माझ्या तोंडाचा हाय. उलगडायला मीच येतो." आणि धोतर सावरून स्कूटीवर माझ्या मागं बसले. पिंपळीपर्यंत एका हातानं माझी पर्स आणि दुसऱ्यानं स्वतःचं पागोटं धरून आले बिचारे.

दारात त्यांनी "राम राम" केला. दादानं कोरडेपणानं "जय भीम" म्हटलं. तात्या म्हणाले, "ते बी." आणि आत येऊन फरशीवर मांडी ठोकून बसले. माझ्या पर्समधला खडू मागून घेतला आणि आईनं नुकत्याच पुसलेल्या चकचकीत फरशीवर पुन्हा तो अर्धगोल काढला. टेकू काढले. कुठली फळी कुठं ते काढलं. दादा आधी तिरक्या नजरेनं बघत होता. मग जवळ सरकला. मग म्हणाला, "म्हंजे हे सेंटरिंगच की वो!"

"तुमचं सेंटरिंग, आमचं कालबूत."

"म्हंजे ती जुनी कमान बांधली तवा बी कुणीतरी सेंटरिंगवाला हुताच?"

"त्याबिगर कशी हुईल? तुमच्यासारखाच कुणी हुता. काम झालं, लाकडं काढली, गेला घरी."

दादाच्या चेहऱ्यावर कालपासूनचं मळभ होतं ते झरझर उतरताना मी पाहिलं. तो माझ्याकडं वळून म्हणाला, "ऐकलंस का इतिहासवाली? तुझ्या सगळ्या जुन्या कमानी आमीच धरल्या हुत्या!" आला मूळपदावर. मला इतका आनंद झाला की मी उलट उत्तर दिलं नाही.

आईनं तात्यांना पाण्याचा तांब्या आणून दिला. त्यांनी तो तोंडाला लावून गटागटा प्यायला आणि पुन्हा भरून मागितला. मग चहात आईनं आलं घातलं, आणि आलं ती सगळ्यांसाठी घालत नाही.

काम सुरू झालं तशी दोघांची रोज जुंपायची. तात्या म्हणायचे सगळं लाकूडच पाहिजे. दादा म्हणायचा, टेकू लोखंडी जॅकचेच, आटे फिरवले की पाहिजे तेवढं खाली घेता येतं. शेवटी सुप्रिया मॅडमनी तोड काढली. वरचा अर्धगोल लाकडाचा, तात्यांच्या मापानं. खालचे जॅक दादाचे. तसं अर्धं जुनं, अर्धं नवं कालबूत त्या बारवेत उभं राहिलं. तात्या दगड घडवून दोन्ही बाजूंनी सारखे चढवत गेले. एका बाजूला भार जास्त झाला तर कालबूत कलंडतं, हे दादाला नवीन होतं. चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालतात हे बघून तर तो म्हणाला, "तात्या, कमान बांधताय का प्रसाद करताय?"

माथ्याचा मधला दगड बसवला आणि मग वाट बघणं आलं. सिमेंट रात्रीतून धरतं, चुना सवडीनं. दादाला धीर निघेना. दर दोन दिवसांनी जाऊन सांध्यात नख खुपसून बघायचा. "सिमेंट असतं तर एव्हाना वर दोन मजले चढवले असते," म्हणून कुरकुरायचा. तात्या म्हणायचे, "चढवा की. तुमचे मजले तुमच्या नातवाला दिसू द्यात म्हंजे झालं." घरी आल्यावर मात्र दादा आईला कमानीच्या एकेका दगडाचं वर्णन सांगायचा. आई ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

शेवटी कालबूत काढायचा दिवस ठरला. सकाळी मी आणि दादा निघालो तर आई धुवट लुगडं नेसून गाडीत आधीच बसलेली. दादा तिच्याकडं बघतच राहिला. ती म्हणाली, "मी वरनंच बघणार हाय. बघ गुमान पुढं."

बारवेभोवती गाव जमलं होतं. आई वरच्या पायरीपाशी उभी राहिली. आजी जिथं उभी राहायची तिथंच. खाली कमानीत फक्त दादा आणि तात्या. मी आणि सुप्रिया मॅडम मधल्या पायऱ्यांवर. तात्यांनी एका बाजूचा जॅक धरला, दादानं दुसऱ्या. एक फेरा इकडं, एक फेरा तिकडं. कालबूत हळूहळू खाली यायला लागलं आणि त्याच्या पाठोपाठ, बोटभरही नसेल, पण कमानही खाली आली. कर्र असा आवाज झाला. सांध्यातून चुन्याचा चुरा गळला. वर माणसं ओरडली आणि मागं सरकली.

दादाचा हात जॅकवर थिजला. जन्मभर तो एकच गोष्ट शिकला होता. स्लॅब सूतभर जरी खाली आला तरी पळायचं. तो जॅक उलटा फिरवायला लागला, कमान पुन्हा वर उचलायला.

"चढवू नका!" तात्या ओरडले. "सांधे फुटतील! बसू द्या तिला! स्लॅब बसला तर पडतो. कमान बसली की मगच उभी राहती. दगड दगडाला धरतो!"

मॅडमही वरून तेच सांगत होत्या, हे असंच होतं, अपेक्षित आहे. दादाला कळत होतं. पण हात ऐकेना. तो तसाच उभा, कपाळावरून घामाच्या धारा, डोळे वरच्या दगडावर. अर्ध्यावर सोडलेली कमान ना कालबुतावर, ना स्वतःच्या जोरावर. असं फार वेळ चालणार नाही, हे तात्यांच्या तोंडाकडं बघून मलाही कळलं. 

तेवढ्यात माझ्या बाजूनं लुगड्याची सळसळ झाली. बघते तर आई. भिंतीला हात लावत, एकेक पायरी बसतउठत उतरत होती. मी दंडाला धरलं, तिनं हिसडा दिला. मॅडम ओरडल्या, "आजी, खाली जाऊ नका!" ती सरळ कमानीखाली जाऊन दादासमोर उभी राहिली.

"आई, वर जा!" दादाचा आवाज फाटला. "वर जा आधी!"

"आमी लई वर्सं वरच उभ्या हुतो," आई म्हणाली. "माझी सासू बी आन मी बी. आता न्हाय जात. हे माझ्या लेकाचं काम हाय, हितं उभं राहायला मला कुणी बोलवायला नको. काढ."

दादानं तिच्याकडं पाहिलं. मग तात्यांकडं पाहिलं. तात्यांनी मान हलवली. एक फेरा इकडं. एक फेरा तिकडं. कमान आणखी जराशी आली आणि थांबली. कालबूत येत राहिलं. दगड आणि लाकूड यांच्यात आधी केसाएवढी, मग बोटाएवढी फट पडली आणि त्या फटीतून पलीकडचं ऊन दिसलं. कमानीला खालून कुणाचाच आधार नव्हता. ती उभी होती.

वरून टाळ्या पडल्या, कुणी शिट्टी मारली. तात्या तिथंच बसकण मारून डोळे पुसायला लागले. मी तर उघड उघड रडत होते, आणि मला त्याची लाज वाटली नाही. माझ्या आजीला जिथून पाणी मिळालं नाही, तिथली कमान माझ्या भावानं धरली आणि सोडली, आणि माझी आई तिच्याखाली उभी आहे. आणखी काय पाहिजे माणसाला?

आई वर बघत होती. दगडावरून नजर फिरवत तिनं विचारलं, "ह्यात तुझं कुठलं रं, सोमा?"

"माझं काय बी न्हाय, आई," दादा म्हणाला. "सगळं काढून घेतलं."

तिनं त्याच्या घामेजलेल्या तोंडावरून पदर फिरवला, आणि कमानीखालून चालत पलीकडं पाण्यापर्यंत गेली. पाणी हिरवं होतं, वर पाला होता. तिनं नुसता हात बुडवला, झटकला आणि म्हणाली, "आमच्या विहिरीचं ह्याच्यापेक्षा चांगलं हुतं."

परत येताना दादा गाडी चालवत होता. एकाही इमारतीकडं त्यानं हनुवटी केली नाही, एक शब्द बोलला नाही. बोलत होती ती आई. लोणी भापकर मागं पडलं तरी तिचं संपेना. चहाला थांबलो तर टपरीवाल्याला म्हणाली, पेट्रोल भरलं तर त्या पोराला म्हणाली, आणि पिंपळीत शिरताना गाडीची काच खाली करून दिसेल त्याला ओरडून सांगत होती, "आमच्या सोमानं बारव उभी केली! मी खाली उभी हुते!"